प्रबंधाच्या प्रकरणातून पारितोषिकाचा निबंध

पीएच.डी. करणाऱ्या किंवा ती नुकतीच मिळालेल्या साहित्य-अभ्यासकांसाठी जी निबंध-पारितोषिके असतात, त्यांना बरेच जण प्रबंधातले एखादे प्रकरण काटछाट करून पाठवतात आणि निबंध तिथेच मार खातो. प्रकरणाला मागच्यापुढच्या प्रकरणांचा टेकू असतो. निबंधाला मात्र एकाच प्रश्नावर उभे राहावे लागते.

म्हणून आधी प्रश्न लहान करावा. समजा, प्रकरण एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीतल्या विधवांच्या चित्रणावर आहे. त्यातून बाबा पदमनजी यांची १८५७ सालची 'यमुनापर्यटन' तेवढी उचलावी, तीही सगळी नव्हे. तिच्या शीर्षकाला 'अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' अशी जोड आहे. ज्या पुस्तकाला आपण मराठीतील पहिली कादंबरी म्हणतो, ते स्वतःला निरूपण का म्हणवते? कीर्तनात निरूपण पूर्वरंगात होते आणि आख्यान उत्तररंगात. ख्रिस्ती झालेल्या पदमनजींना हा शब्द योजताना कीर्तन आठवत होते, की त्या काळी तो नुसता 'विवेचन' या अर्थाने रुळलेला होता, हे त्या दशकातल्या इतर पुस्तकांची शीर्षकपृष्ठे चाळून तपासता येते. यमुना पतीसह प्रवास करताना ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या समोर येतात. त्यांत कथा कुठे थांबते आणि उपदेश कुठे सुरू होतो, हे दोन-तीन उताऱ्यांच्या आधारे दाखवले की निबंधाला अंग येते.

हा प्रश्न पहिल्याच पानावर यावा. पूर्वसंशोधनाचा आढावा प्रबंधात शोभतो. येथे ज्या मताशी आपला वाद आहे, तेवढेच मत पुरे.

शब्दमर्यादेत तळटीपा धरल्या आहेत का आणि पात्रतेची वर्षे कोणत्या तारखेपासून मोजतात, हे नियमावलीत आधीच पाहून घ्यावे. परीक्षण नाव झाकून होणार असेल, तर 'माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे' अशी वाक्ये, ऋणनिर्देश आणि फाइलच्या माहितीत राहिलेले लेखकाचे नाव काढून टाकावे. प्रबंध 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर असेल, तर निबंधाला तेच शीर्षक देऊ नये, कारण ते शोधताच नाव समोर येते; शिवाय साम्य तपासणारे सॉफ्टवेअर आपलाच मजकूर उसना ठरवते. प्रबंधातला मजकूर चालतो का, हे आयोजकांना आधी लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.