नळीचं दुसरं टोक: ओटीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचा डिप्लोमा संपवून मी तालुक्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात लागले, तेव्हा पहिले दोन महिने दुपारी दोनच्या सुमारास डोकं ठणकायचं. सकाळी आठपासून उभी, पोटात फक्त चहा-बिस्किट, त्यामुळे मी उपासालाच दोष दिला. मावशी म्हणायच्या, "डबा आधी खात जा गं." तेही करून पाहिलं. लहान मुलांच्या हर्निया-टॉन्सिलच्या ऑपरेशनांची लिस्ट असली की तरीही दुखायचंच.

एकदा लिस्ट संपल्यावर बॉईल्सच्या, म्हणजे भूल देण्याच्या मशीनच्या, मागे पडलेली पेनाची टोपी उचलायला वाकले आणि स्कॅव्हेंजिंगची, म्हणजे वापरलेला भुलीचा गॅस खोलीबाहेर नेणारी, नळी दिसली. मशीनला अगदी नीट जोडलेली. दुसरं टोक मात्र भिंतीतल्या भोकापर्यंत पोचलेलंच नव्हतं, फरशीवर लोळत होतं. म्हणजे पेशंटच्या उच्छ्वासातला सेव्होफ्लुरेन आणि नायट्रस हे भुलीचे गॅस आम्ही सगळे वाटून घेत होतो, आणि स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत आमच्यावर सोडत होता. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

डोकेदुखी त्यामुळेच होती असं छातीठोकपणे म्हणणार नाही. नळी भोकातून बाहेर काढल्यावर ती कमी झाली, एवढं खरं. बाहेर काढतानाही बघावं लागतं बरं का. खाली नातेवाईक बसत असतील किंवा शेजारी हवा आत ओढणारी जाळी असेल, तर आपली बला दुसऱ्याच्या गळ्यात.

"वास आला तर कळेलच की," असं प्रत्येक नवा मुलगा म्हणतो. नाही कळत. बहुतेकांच्या नाकाला वास जाणवेपर्यंत प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं, आणि नाक सरावतं ते वेगळंच. कामाच्या जागच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९७७ साली नायट्रससाठी सरासरी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आणि हॅलोथेनसारख्या भुलीच्या औषधांसाठी २ पीपीएम अशा मर्यादेची शिफारस केली. सेव्होफ्लुरेन तेव्हा वापरात नव्हता, पण अंदाजापुरता २ चा आकडा धरा. आता वेपोरायझर, म्हणजे भुलीच्या द्रव औषधाची वाफ करणारं उपकरण, भरताना दहा मिली सेव्होफ्लुरेन सांडला समजा. त्याची साधारण १.८ लिटर वाफ होते. वीस बाय वीसची, दहा फूट उंच ओटी म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटर हवा. भागाकार केला तर संपूर्ण खोलीत १६ पीपीएम येतं, तेही ती वाफ सारखी पसरली असं धरून. बाटलीवर वाकलेल्या माणसाच्या तोंडाशी किती असेल ते सांगायला नको. तोंडावरचा सर्जिकल मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही, तो कणांसाठी असतो.

म्हणून भरायचं ते लिस्ट संपल्यावर, खोली रिकामी असताना, वेपोरायझर बंद ठेवून. किल्लीसारखा फिलर असेल तर तोच वापरायचा. फनेलवाला जुना असेल तर हात स्थिर ठेवा आणि गप्पा बंद. पिवळा सेव्होफ्लुरेनचा, जांभळा आयसोफ्लुरेनचा, हे रंग पाठ असले तरी बाटलीवरचं नाव वाचायचंच.

सकाळची लीक टेस्ट, म्हणजे मशीनमधून गॅस गळतोय का ते बघणं, मी आधी उरकण्यापुरती करायचे. एपीएल व्हॉल्व (जास्तीचा गॅस बाहेर सोडणारी झडप) बंद, फ्लो बंद, पेशंटकडचं तोंड अंगठ्याने दाबायचं, ऑक्सिजन फ्लशच्या बटणाने प्रेशर ३० सेंमी पाण्यापर्यंत न्यायचं आणि दहा सेकंद काट्याकडे बघायचं. मी पाच सेकंदांत अंगठा काढायचे. एके दिवशी भूलतज्ज्ञ मॅडमनी माझ्या मनगटाला धरून दहा मोजायला लावले, आणि आठव्याला काटा घसरला. सोडा लाइमच्या दाण्यांचा डबा (कॅनिस्टर) आदल्या दिवशी मीच बदलला होता, त्याच्या रबरी रिंगवर एकच पांढरा दाणा अडकला होता. तांदळाच्या कणीएवढा. तेव्हापासून रिंगवरून बोट फिरवल्याशिवाय मी कॅनिस्टर लावत नाही. कुठून गळतंय ते सापडत नसेल तर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. तेल-ग्रीस ऑक्सिजनच्या आसपासही नको. आणि सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषतो, भुलीचा गॅस नाही. हा गैरसमज सीनियर लोकांतही भेटतो.

मुलांच्या लिस्टला जास्त गॅस बाहेर येतो, कारण मूल रडतं, मान फिरवतं, मास्क चेहऱ्यावर बसत नाही, आणि टोकाला फुगणारा कफ नसलेली श्वासनळीतली ट्यूब असेल तर बाजूनेही गळतं. सर्किटचाही, म्हणजे पेशंटला गॅस पोचवणाऱ्या नळ्यांच्या जोडणीचाही, फरक पडतो. साठ किलोचा पेशंट बेन सर्किटवर स्वतः श्वास घेत असेल तर मिनिटाला नऊ ते बारा लिटर फ्लो लागतो. सोडलेला गॅस पुन्हा वापरणाऱ्या सर्कल सर्किटवर एखाद्या लिटरमध्ये भागतं. ठरवणार भूलतज्ज्ञच, पण "मॅडम, सर्कल लावू का?" असं विचारायला कोणी अडवत नाही. तसंच मास्क काढून ट्यूब टाकायच्या वेळी चालू राहिलेला फ्लो थेट आपल्या तोंडावर येतो, तेव्हाही विचारा.

माझी मैत्रीण पुण्यात एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. तिथे उंदराला भूल द्यायचं खोकं उघडलं की आयसोफ्लुरेन अंगावर येतो, म्हणून आधी ऑक्सिजनने खोकं धुऊन काढायचं. गॅस शोषणारा कोळशाचा डबा लावताना वजन करून मार्करने लिहायचं आणि ५० ग्रॅम वाढलं की तो फेकायचा. डबा बघून भरलाय की नाही कळत नाही. कोळसा नायट्रस पकडत नाही, हेही तिनेच सांगितलं.

दिवस गेलेल्या मुलींनी इन्चार्जना लवकर सांगावं, लाजू नये. १९६७ मध्ये वाइसमन या सोव्हिएत संशोधकाने भूलतज्ज्ञ स्त्रियांच्या ३१ गरोदरपणांपैकी १८ गर्भपात नोंदवले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. ते दिवस ईथरचे, स्कॅव्हेंजिंगशिवायचे, आणि त्या पाहणीच्या पद्धतीवर नंतर टीकाही झाली. त्यामुळे घाबरून नोकरी सोडू नका. पण नायट्रस शरीरातलं बी-१२ निकामी करतो हे पक्कं आहे, तेव्हा त्या महिन्यांत मास्कवरच्या केसेसऐवजी दुसरी ड्यूटी मागणं हा नखरा नाही.

दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत मी पगाराआधी ओटी बघायला मागितली. ऑफिसातले साहेब चक्रावले. मशीनमागे वाकले, नळी भिंतीतल्या पॉइंटला घट्ट बसली होती, म्हणून हो म्हटलं. तिथे लागून महिनाही झाला नसेल, एका सकाळी तीच नळी मशीनच्या चाकाखाली चेपलेली सापडली. रात्री फरशी पुसताना मामांनी मशीन सरकवलं होतं. आता ते पुसून झालं की मला हाक मारतात, "ताई, तुमची नळी बघून घ्या."