बारा नावांची वही: क्रांतीतून सत्ता कुणाच्या हाती कशी गेली, हे अभ्यासायचं कसं

दोनशे पानी आखीव वही घ्या आणि पहिल्या पानावर एकाखाली एक रशियन क्रांतीतली बारा नावं लिहा. लेनिन, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, त्रॉत्स्की, स्टालिन, स्वेर्दलोव्ह, उरित्स्की, झेर्झिन्स्की, कोलोन्ताय, बुब्नोव्ह, सोकोल्निकोव्ह, लोमोव्ह. प्रत्येक नावापुढची जागा कोरी सोडा. ती अगदी शेवटी भरायची आहे, मधे कितीही वाटलं तरी नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या घरी संध्याकाळी सहा ते आठ स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. बहुतेक भंडारा, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडची, नागपुरात खोली करून राहणारी. येतात तेव्हा त्यांना दोन ओळी पाठ असतात: 1917, रशिया, लेनिन, 1949, चीन, माओ. या सालांच्या आधी आणि नंतर काय घडलं, असं विचारलं की कूलरचा आवाज तेवढा ऐकू येतो. पदवीला असताना मीही असंच पाठ केलं होतं, म्हणून ही पद्धत जुळवायला मला बरीच वर्षं लागली.

वहीच्या दुसऱ्या पानापासून चार रकाने आखा: तारीख, ठिकाण, हातात काय, विरोधात कोण. तिसऱ्या रकान्यात भाषणं आणि विचार लिहायचे नाहीत. त्या दिवशी त्या माणसाच्या ताब्यात नेमकं काय होतं, ते लिहायचं. छापखाना, पलटण, पद, यादी, पैसा, किंवा काहीच नाही. "काही नाही" हेसुद्धा स्पष्ट लिहा. सुरुवातीला हाच शब्द सर्वांत जास्त वेळा येतो.

तारखांचं आधीच सांगते, कारण पहिल्या आठवड्यात सगळी मुलं इथंच अडखळतात. 1918 च्या सुरुवातीपर्यंत रशियात जुनी दिनदर्शिका होती, आपल्यापेक्षा तेरा दिवस मागं. म्हणून ऑक्टोबर क्रांती 25 ऑक्टोबरची, आणि आपल्या हिशेबानं 7 नोव्हेंबरची. वहीत एकच पद्धत ठेवा. मी 1917 पुरती जुनी ठेवते आणि समासात लाल पेनानं नवी लिहिते.

नावांसाठी एक वेगळं पान राखा. ही माणसं पोलिसांपासून लपत वाढली, त्यामुळे नावं बदलत राहिली. उल्यानोव्हचा लेनिन झाला, जुगाश्विलीचा स्टालिन, ब्रोन्स्टाइनचा त्रॉत्स्की, आणि आपल्याकडचे नरेंद्रनाथ भट्टाचार्य मानवेंद्रनाथ रॉय झाले. हे पान नसेल तर एकच माणूस दोनदा भेटतो आणि दोन्ही वेळा परका वाटतो.

आता पहिली नोंद. 23 फेब्रुवारी 1917, म्हणजे 8 मार्च. पेत्रोग्राड या तेव्हाच्या राजधानीतल्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संपावर उतरल्या आणि आठवडाभरात झारची गादी गेली. त्या दिवशी लेनिन झुरिचमध्ये, त्रॉत्स्की न्यूयॉर्कमध्ये, स्टालिन सैबेरियात हद्दपारीत. तिघांच्या तिसऱ्या रकान्यात "काही नाही". या नोंदीवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवते. झारला खाली खेचणारे हात एकांचे होते आणि आठ महिन्यांनी सत्ता घेणारे दुसऱ्यांचे. हा फरक डोक्यात पक्का बसला नाही, तर पुढचं सगळं वाकडं समजतं.

लेनिन जर्मनीतून रेल्वेच्या बंद डब्यातून, मग स्वीडन आणि फिनलंडमार्गे 3 एप्रिलला पेत्रोग्राडला पोचला. जूनमध्ये सोव्हिएतांची, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडलेल्या मंडळांची, पहिली काँग्रेस (अधिवेशन) भरली तेव्हा मताधिकार असलेल्या 822 प्रतिनिधींपैकी बोल्शेव्हिक, म्हणजे लेनिनच्या पक्षाचे, 105. हा आकडा ठळक लिहा. मग जुलैची दंगल, लेनिन पुन्हा भूमिगत, ऑगस्टमध्ये सेनापती कोर्निलोव्हची राजधानीकडे चाल, आणि तिला अडवताना कामगारांच्या हाती आलेल्या बंदुका. सप्टेंबरात पेत्रोग्राड सोव्हिएतमध्ये बोल्शेव्हिकांचं बहुमत झालं आणि त्रॉत्स्की तिचा अध्यक्ष. इथं पहिल्यांदा तिसरा रकाना भरतो. युद्ध थांबवा, जमीन द्या, भाकरी द्या, हे तिन्ही एका दमात म्हणणारा मोठा पक्ष दुसरा उरला नव्हता. बाकीचे सरकारात बसले होते आणि सरकार लढाई चालवत होतं.

मग येते 10 ऑक्टोबरची रात्र. पहिल्या पानावरची बारा माणसं त्या रात्री एका घरात जमली होती. घर सुखानोव्ह नावाच्या मेन्शेव्हिकाचं, म्हणजे विरोधी गटातल्या माणसाचं. त्याची बायको बोल्शेव्हिक होती. नवरा त्या रात्री घरी नव्हता. लेनिन दाढी काढून, केसांचा टोप घालून आला. सशस्त्र उठाव करायचा की नाही यावर मतदान झालं. दहा बाजूनं, दोन विरोधात. विरोधातले दोघं झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह. त्यांच्या नावांखाली पेन्सिलनं रेघ मारून ठेवा.

मागच्या वर्षी भंडाऱ्याच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, यांनी लोकांना विचारलंच नाही का जी?" विचारलं होतं. सत्ता घेतल्यावर लगेच घटना समितीची निवडणूक झाली, आणि तीत बोल्शेव्हिकांना सुमारे चौथा हिस्सा मतं मिळाली. सर्वांत मोठा पक्ष समाजवादी क्रांतिकारकांचा ठरला. समिती 18 जानेवारी 1918 ला (जुन्या दिनदर्शिकेनं 5 जानेवारी) भरली, एकच बैठक झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती विसर्जित. कुणी या नोंदीवर घाईनं पान उलटायला लागलं, तर मी हात धरून थांबवते. माझ्या मते पुढच्या सगळ्या वाटा इथूनच फुटतात, आणि मुलांनी याचा निवाडा स्वतः करावा, मी सांगून नव्हे.

यानंतरचा भाग मला स्वतःला पुस्तकांतून कळला नाही, वडिलांकडून कळला. ते नागपूरच्या एका कापड गिरणीत होते, युनियनचे साधे सभासद. त्यांच्या युनियनमध्ये एक पुढारी होता. गेटवर उभा राहून बोलायला लागला की पाळी सुटलेले लोक डबा हातात धरून तासभर थांबायचे. दुसरा एक जण होता, भाषण कधीच न करणारा. त्याच्याकडे पावतीबुकं असायची: वर्गणी कुणाची आली, कोण सभासद, कोणत्या खात्याचा प्रतिनिधी कोण. एका वर्षी कमिटीची निवडणूक झाली आणि गेटवरचा पुढारी पडला. शेवटच्या महिन्यात फाडलेल्या पावत्यांवर आलेल्या नव्या सभासदांनी दुसऱ्याला मतं दिली होती. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, "आम्ही भाषण ऐकत बसलो नं, पावत्या कोण फाडते ते पाह्यलंच नाही."

3 एप्रिल 1922 ही तारीख लिहिताना हे वाक्य मी फळ्यावर लिहिते. त्या दिवशी स्टालिन पक्षाचा सरचिटणीस झाला. पद कारकुनी समजलं जाई. पण कुठल्या जिल्ह्यात कुणाला नेमायचं, कुणाची बदली कुठं करायची, बैठकीपुढं कोणता कागद येईल, हे या कार्यालयातून ठरायचं. आणि जिल्ह्याचे नेमलेले चिटणीसच पक्षाच्या काँग्रेसला येणाऱ्या प्रतिनिधींवर प्रभाव ठेवायचे. 1924 मध्ये लेनिनच्या मृत्यूनंतर पक्षात एकदम दोन लाखांहून जास्त नवे सभासद भरती झाले. मुलं इथं आपणहून म्हणतात, "पावत्या!"

लेनिननं हे ओळखलं होतं. आजारपणात डिसेंबर 1922 मध्ये सांगून लिहवून घेतलेल्या टिपणात त्यानं म्हटलं की स्टालिनच्या हाती अमर्याद सत्ता एकवटली आहे, आणि 4 जानेवारी 1923 ला त्यात भर घातली की त्याला या पदावरून हलवावं. मे 1924 मध्ये ते टिपण काँग्रेसच्या प्रतिनिधींना वाचून दाखवलं गेलं, छापलं मात्र नाही. स्टालिनला पदावर राहू द्या, असं म्हणणारे पुढे झाले झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह. त्यांना भीती त्रॉत्स्कीची होती. पेन्सिलची रेघ आता पेनानं गडद करा.

पुढं चौथा रकाना झपाट्यानं बदलतो, म्हणून प्रत्येक वर्षाला नवी ओळ द्या. स्टालिन आधी या दोघांना घेऊन त्रॉत्स्कीविरुद्ध, मग पक्षातला आणखी एक पुढारी बुखारिन याला घेऊन या दोघांविरुद्ध, मग बुखारिनविरुद्ध. त्रॉत्स्की 1927 अखेरीस पक्षाबाहेर, 1929 मध्ये देशाबाहेर. त्याच वर्षी बुखारिन पॉलिटब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीतून गेला. सात वर्षांत काम झालं.

चीनसाठी तीच पद्धत, थोडक्यात. 1921 मध्ये शांघायमध्ये कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला तेव्हा माओ हजर होता, पण पहिला प्रमुख चेन दुशिऊ. एप्रिल 1927 मध्ये शांघायमध्ये राष्ट्रवादी पक्षाचा सेनापती चँग कै-शेक यानं कम्युनिस्टांची कत्तल केली आणि शहरातला पक्ष मोडला. माओनं उरलेली माणसं डोंगरात नेली. तिसऱ्या रकान्यात "शेतकरी, बंदुका, डोंगर" असं लिहा. लाँग मार्च या लांबलचक माघारीत, जानेवारी 1935 ला, झुन्यीच्या बैठकीपासून त्याचं वजन वाढत गेलं. नागपूरच्या मुलांना मी इथं एक नाव जोडायला लावते. 1938 साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही.

आपल्या गावाचं एक पान असावंच. 1929 मध्ये आयटकचं, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचं, अधिवेशन नागपुरात झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. डाव्यांचं बहुमत झालं, ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, संघटना फुटली. देशातले कितीतरी कम्युनिस्ट पुढारी तेव्हा ब्रिटिश सरकारनं भरलेल्या मेरठ कटाच्या खटल्यात तुरुंगात होते. आणि याच नागपुरातून कम्युनिस्ट पुढारी ए. बी. बर्धन 1957 ला मतदानानं विधानसभेवर गेले. त्यांचा तिसरा रकाना भरून बघा, पेत्रोग्राडपेक्षा किती वेगळा दिसतो.

आता पहिलं पान उघडा आणि कोरी जागा भरा. उरित्स्की, 1918, गोळी घालून मारला गेला. स्वेर्दलोव्ह, 1919, आजारानं. लेनिन, 1924, पक्षाघातानं. झेर्झिन्स्की, 1926, हृदयविकारानं. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह, 1936, त्यांच्याच राज्यात खटला चालवून देहदंड. बुब्नोव्ह आणि लोमोव्ह, गोळी. सोकोल्निकोव्ह, 1939, तुरुंगात खून. त्रॉत्स्की, 1940, मेक्सिकोत खून. ज्याच्या घरी बैठक झाली त्या सुखानोव्हलाही 1940 मध्ये गोळी घातली. त्याचं नाव पानाच्या तळाशी लिहा. हे भरायला वीस मिनिटं लागतात आणि वर्गात कुणी बोलत नाही. शेवटी दोनच नावं उरतात. कोलोन्ताय, जी अनेक वर्षं स्वीडनमध्ये राजदूत म्हणून दूर राहिली, 1952 मध्ये गेली. तिच्यानंतर वर्षभरानं, 5 मार्च 1953 ला, स्टालिन.