जुन्या घरमालकाविरुद्धच्या हुकूमनाम्याची वसुली कशी करावी

जुन्या घरमालकाने अनामत रक्कम व्याजासह परत करावी असा हुकूमनामा (न्यायालयाचा निकालाचा औपचारिक आदेश) झाला, तरी तो पैसे आपणहून देईलच असे नाही. अशा वेळी ज्या न्यायालयाने हुकूमनामा केला तेथे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २१ खाली दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल करावी लागते. त्यासाठी १२ वर्षांची मुदत असली तरी दोन वर्षे उलटल्यावर केलेल्या दरखास्तीत सर्वसाधारणपणे घरमालकाला आधी नोटीस काढावी लागते आणि तेवढ्या सवडीत खाते रिकामे होऊ शकते. म्हणून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाती येताच कामाला लागावे. केवळ अपील दाखल झाल्याने वसुली थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा आदेश लागतो.

दरखास्तीत दाव्याचा क्रमांक, हुकूमनाम्याची तारीख, आजवर मिळालेली रक्कम, व्याज व खर्च धरून उरलेली बाकी आणि वसुली कोणत्या मार्गाने हवी हे स्पष्ट लिहावे लागते. ऋणकोची (पैसे देणे लागणाऱ्याची, येथे घरमालकाची) मालमत्ता न्यायालय स्वतःहून शोधत नाही. ते काम आपलेच असते.

येथे जुना भाडेकरू इतर धनकोंपेक्षा (ज्यांचे पैसे येणे आहेत त्यांच्यापेक्षा) एक पाऊल पुढे असतो, कारण दरमहा भाडे ज्या खात्यात भरले त्याचा क्रमांक आणि शाखा त्याच्याच बँकेच्या उताऱ्यात किंवा भाडेकरारात सापडते. त्या खात्याच्या जप्तीचा अर्ज सर्वांत आधी करावा. सोडलेल्या घरात आता दुसरा भाडेकरू राहत असेल, तर त्याच्याकडून घरमालकाला देय झालेले भाडे थेट न्यायालयात भरण्याची नोटीस आदेश २१ च्याच नियम ४६-अ खाली काढून घेता येते. बेलीफामार्फत (न्यायालयाच्या कर्मचाऱ्यामार्फत) टीव्ही-कपाट जप्त करण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी व्यवहार्य वाटतो; शिवाय नेहमीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांना संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेच आहे.

मालमत्तेचा काहीच पत्ता लागत नसेल आणि हुकूमनाम्याची रक्कम ३० दिवस थकलेली असेल, तर ऋणकोने आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा आदेश नियम ४१ खाली मागता येतो. तो न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. स्थावर मालमत्तेची जप्ती आणि लिलाव हा मार्गही आहे, पण छोट्या रकमेसाठी तो फार लांबचा.

जप्तीची नोटीस पोहोचली की बहुतेकदा तडजोडीचा फोन येतो. तडजोड जरूर करावी, मात्र न्यायालयाबाहेर मिळालेल्या प्रत्येक रकमेची नोंद दरखास्तीत करून घ्यावी आणि पूर्ण वसुली झाल्याची पुरशिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) चेक प्रत्यक्ष वटल्यानंतरच द्यावी.