आधी मत, मग पन्हाळा

मतदानाच्या भरपगारी सुट्टीला पन्हाळा गाठायचा बेत असेल तर मत सकाळीच टाका. ‘संध्याकाळी परत आल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचंच मत बुडतं. सहलीला निघालेल्यांसाठी आपल्याकडे आगाऊ मतदान नाही. टपाली मत आहे ते सैन्यातले, निवडणूक ड्यूटीवरचे, ८५ वर्षांवरचे अशा मोजक्या मतदारांना, तेही सैन्यातले सोडले तर बाकीच्यांनी मुदतीत अर्ज केला तरच.

आदल्या रात्री मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्र बघून ठेवा. गेल्या वेळचंच केंद्र असेल असं धरून चालू नका. घरी आलेली मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदार ओळखपत्र, नाहीतर आधार, पॅन, लायसन्स यातलं एक खिशात हवंच.

लोकसभा-विधानसभेला मतदान सातला सुरू होतं, पावणेसातला रांगेत उभं राहा. निळं बटण दाबलं की व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते. नाव-चिन्ह वाचा, बीप ऐका, मगच हला. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर भांडण्यात वेळ घालवू नका, केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. तो तुमचा हक्क आहे. मिसळ त्यानंतर.

कोल्हापुरातून शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि पुढे घाट, वीसेक किलोमीटर. १७८२ मध्ये कारभार कोल्हापुरात येईपर्यंत करवीरची राजधानी पन्हाळाच होती, त्यामुळे नुसता पॉइंट बघून परतू नका. आधी अंबारखाना बघा. गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांना बाहेरून जिना आहे. छतावरच्या भोकांतून धान्य आत ओतायचे. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने सोसणारा गड कशावर जगतो, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. मग तीन दरवाजा आणि शेजारची अंधारबाव: तळाशी पाणी, वर पहाऱ्याची जागा. पायऱ्या अंधाऱ्या आहेत, बॅटरी न्या. सज्जाकोठी ऊन कललं की. झुणका-भाकर गडावरच मिळते.

घरातल्या कुणाचं मत राहिलं असेल तर साडेचारला गड उतरायला लागा. सहाला केंद्राचं दार बंद होतं. तेव्हा रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात आणि तेवढ्यांचंच मतदान होतं.