लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटतंय?

राउटरला दोष देण्याआधी लॅपटॉपशेजारी मोबाइल ठेवा आणि त्याच वाय-फायवर व्हिडिओ कॉल किंवा काहीतरी लाइव्ह लावा. साधा व्हिडिओ नको, तो थोडा आधीच लोड झालेला असतो आणि फसवतो. दोन्हीकडचं नेट एकदम गेलं, तर राउटर किंवा लाइन तपासा. मोबाइल बिनघोर चालत राहिला, तर दुखणं बहुधा लॅपटॉपचंच.

चार्जर काढल्यावरच कनेक्शन तुटत असेल, तर पहिला संशय बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगवर. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सखाली वाय-फाय कार्डावर डबल क्लिक करा आणि पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली ‘अलाउ द कम्प्युटर टु टर्न ऑफ धिस डिव्हाइस...’ या ओळीपुढची टिक काढा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही. मग पुढे चला.

सहसा कुणाला सुचत नाही ते कारण म्हणजे यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क किंवा हब. त्यातून निघणारे अनाहूत रेडिओ सिग्नल २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये (वाय-फायच्या एका रेडिओ पट्ट्यात) लुडबुड करतात. डिस्क काढून पाहा. फरक पडला, तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वापरा. भिंतीपलीकडे मात्र त्याची रेंज लवकर घटते.

अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या वाय-फाय कार्डाच्या त्याच खिडकीत ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टॅबमध्ये जुना ड्रायव्हर परत आणणारं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण आहे. नेटवर्क रीसेट अगदी शेवटी करा, कारण त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड पुसले जातात.