निळ्या रंगावर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

सायन्स एक्झिबिशन जवळ आलं की नागपुरात कोणतं ना कोणतं पोट्टं 'निसर्गात निळा रंग कमी काहून' हा विषय घेतंच, विषय भारी आहे पण चार्टवर चुका त्याच त्याच.

सगळ्यात मोठी म्हणजे मोराच्या नाहीतर नीलकंठाच्या पिसात निळा रंग भरलेला असतो असं लिहिणं. नाही भाऊ! मोरपीस बारीक कुटलं तर निळी पूड निघत नाही, काळपट तपकिरी भुगा निघतो, कारण आत मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य आहे, निळं दिसतं ते पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे, ती निळा प्रकाश तेवढा जोरात परत फेकते आणि रचना मोडली की निळा गायब. कुटायचं नसेल तर उजेडासमोर धरा. डेमो फसतो तो बहुतेक वेळा लाइट चुकीच्या बाजूला असल्याने, लाइट पिसामागे असला तर तपकिरी दिसेल, तुमच्या पाठीमागे असला तर निळं. पीस मोराचं आपोआप गळलेलंच घ्या. आणि दसऱ्याला पैसे देऊन पिंजऱ्यातल्या नीलकंठाचं दर्शन घेत असाल तर ते बंद करा, तो पकडणं गुन्हा आहे.

दुसरी चूक, 'आकाश निळं तसंच पीस निळं'. पिसात केराटिन (नखा-केसांत असतं ते प्रथिन) आणि हवेच्या पोकळ्या जवळपास ठराविक अंतरावर असतात, आकाशात असलं काही नसतं. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये नीलकंठाची पिसं तपासून या जुन्या समजुतीवर शंका घेतली होती, आणि हेच रामन १९१० च्या सुमारास नागपुरात सरकारी अर्थखात्यात नोकरीला होते, हे चार्टवर टाकाच, परीक्षक खूश होतील.

मग कमी काहून? निळं दिसायला रंगद्रव्याच्या रेणूने लाल प्रकाश शोषायला हवा, त्याची ऊर्जा कमी, त्यासाठी रेणू मोठा नि गुंतागुंतीचा लागतो. पिवळा-लाल प्राण्यांना खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमधून आयता मिळतो, निळ्याचं तसं नाही. पण 'प्राण्यांत निळं रंगद्रव्य नसतंच' असंही ठोकू नका, मँडरिन माशात खरंखुरं आहे.

फुलांचं गणित वेगळं. गोकर्णाच्या पाकळीत अँथोसायनिन हे खरंखुरं रंगद्रव्य असतं, गरम पाण्यात उतरतं. पाणी निळं न होता जांभळं झालं तर भांड्याला लिंबू लागलेलं असणार, हिरवट झालं तर खाण्याचा सोडा लागलेला असणार. रंग बदलायला संत्र्याचा रस टाकायचा मोह आवरा, त्याचा स्वतःचाच रंग मिसळून सगळं गचाळ दिसतं.