प्रॉक्सी फायरवॉलमधून जाणारी कनेक्शन तुटतात तेव्हा या चुका टाळा

पुण्यातील एका कार्यालयात काम करत असताना आमच्याकडे एक चमत्कारिक तक्रार नियमित येत असे. जेवणाच्या सुट्टीनंतर जो कर्मचारी पहिल्यांदा अहवाल मागवी, त्याचा पडदा पंधरा मिनिटे गोठून राही, मग कनेक्शन रिसेट झाल्याचा संदेश येई आणि दुसऱ्या प्रयत्नात तोच अहवाल दोन सेकंदांत समोर येई. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आमच्याच इमारतीत होता, डेटाबेस दुसऱ्या शहरातील डेटा सेंटरमध्ये होता आणि मधे प्रॉक्सी फायरवॉल होती. क्वेरी आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही, असे डेटाबेस सांभाळणारे सांगत होते. उलट अ‍ॅप्लिकेशनवाले पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरून गेलेल्या पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची नोंद) उघडून दाखवत होते की क्वेरी गेली आणि काही मिलिसेकंदांत तिची पोचही मिळाली. दोघेही खरे बोलत होते, आणि एवढे समजायला आमचा जवळजवळ आठवडा गेला.

दोन कनेक्शनांना एक समजणे

पॅकेट फिल्टर करणारी फायरवॉल आलेले पॅकेट तपासून पुढे सोडते, त्यामुळे तिथे टोकापासून टोकापर्यंत कनेक्शन एकच असते. प्रॉक्सी फायरवॉलचे तसे नाही. ती क्लायंटचे कनेक्शन स्वतःपाशीच संपवते आणि पलीकडच्या सर्व्हरकडे स्वतःच्या नावाने दुसरे कनेक्शन उघडते. या दोन्हींचे क्रमांक, पोच, पुनःप्रेषण (पोच न आल्यास पुन्हा पाठवणे) आणि टाइमआउट (वाट पाहण्याची मुदत) हे सगळे स्वतंत्र असते. आमच्या बाबतीत अ‍ॅप्लिकेशनला मिळालेली पोच डेटाबेसची नव्हतीच, ती प्रॉक्सीची होती. डेटा सेंटरच्या दाराशी आणखी एक फायरवॉल होती आणि अर्धा तास शांत असलेले कनेक्शन ती आपल्या तक्त्यातून कोणालाही न कळवता पुसून टाकत असे. सुट्टी पाऊण तासाची होती. सुट्टीनंतर प्रॉक्सीने क्वेरी पुढे पाठवली की ती फायरवॉल ते पॅकेट मुकाट्याने टाकून देई आणि प्रॉक्सी तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसे. लिनक्समध्ये या पुनःप्रेषणाची मूळ मर्यादा १५ असते आणि मधली अंतरे वाढत जात असल्यामुळे हार मानायला सुमारे ९२४ सेकंद, म्हणजे सव्वापंधरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. पडदा नेमका तेवढाच वेळ का गोठतो, याचे उत्तर या आकड्यात होते.

कीपअलाइव्ह चुकीच्या टोकाला लावणे

कारण कळण्याआधी आम्ही सर्वप्रथम जे केले तेच बहुतेक जण करतात, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर टीसीपी कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का हे चाचणी पॅकेट पाठवून पाहणे) चालू केले. लिनक्समध्ये त्याची पहिली चाचणी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जाते. आम्ही ती मुदत १२० सेकंदांवर आणली आणि तरीही काडीचा फरक पडला नाही, कारण ती चाचणी पॅकेटे प्रॉक्सीपर्यंत जात, प्रॉक्सी त्यांना उत्तर देई आणि तिथेच विषय संपे. कीपअलाइव्हची पॅकेटे प्रॉक्सी ओलांडत नाहीत, ही गोष्ट हातावर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. मार्ग दोनच उरतात: एक तर प्रॉक्सीच्या बाहेरच्या बाजूला कीपअलाइव्ह लावायचे, नाही तर अ‍ॅप्लिकेशनच्या पातळीवर काहीतरी खरा मजकूर पाठवत राहायचे. कनेक्शन पूलमधून (पुन्हा पुन्हा वापरायला उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून) दर काही मिनिटांनी क्षुल्लक क्वेरी पाठवणे किंवा वेबसॉकेटवर पिंग फ्रेम पाठवणे हे यातच येते. एसएसएचसाठी (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगइनसाठी) सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ही क्लायंटची सेटिंग वापरावी, कारण तिचा संदेश एन्क्रिप्ट होऊन खऱ्या सर्व्हरपर्यंत जातो. आम्ही पूलमधून दर पाच मिनिटांनी क्वेरी पाठवू लागलो आणि दुपारची तक्रार थांबली.

किती वेळाने तुटले याची नोंद न ठेवणे

‘मधूनमधून तुटते’ अशा तक्रारीवरून कोणीही काही शोधू शकत नाही. कनेक्शन उघडल्यापासून आणि शेवटचा बाइट गेल्यापासून अशा दोन्ही मोजण्या घ्याव्यात, कारण आकडा गोल निघाला की आरोपी अर्धा सापडलेला असतो. एनजिन्क्स (वेब सर्व्हर व प्रॉक्सी) मागच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी मुळात ६० सेकंद थांबते, अझ्यूरचा लोड बॅलन्सर (काम अनेक सर्व्हरांत वाटणारा) ४ मिनिटांनी निष्क्रिय कनेक्शन सोडतो, अ‍ॅमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर ३५० सेकंदांनी, सिस्को एएसए फायरवॉल १ तासाने, तर लिनक्सचा कनेक्शन तक्ता स्थापित कनेक्शन तब्बल ५ दिवस लक्षात ठेवतो. हे सगळे मूळ आकडे आहेत, त्यामुळे तुमच्या उपकरणावर कोणी बदल केला आहे का ते आधी पाहावे. २००८ सालच्या आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने नॅट उपकरणांनी (अनेक संगणकांना बाहेरचा एकच पत्ता वापरू देणाऱ्या) स्थापित कनेक्शन २ तास ४ मिनिटांच्या आत विसरू नये असे सांगितले होते, पण ते किती मनावर घेतले गेले हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच. कनेक्शन पहिल्याच सेकंदात तुटत असेल, तर मात्र टाइमआउटच्या मागे लागू नये. तिथे ४०७ हा प्रमाणीकरणाचा प्रतिसाद किंवा प्रॉक्सीने पुढे केलेले प्रमाणपत्र क्लायंटने नाकारणे यांसारखी कारणे शोधावीत.

पिंग चालतो म्हणून नेटवर्क निर्दोष मानणे

पिंग आयसीएमपीवर (नेटवर्कच्या चाचणी व त्रुटींचे निरोप नेणाऱ्या प्रोटोकॉलवर) चालतो आणि अ‍ॅप्लिकेशन प्रॉक्सीतून तो जातच नाही, म्हणून तो चालला तरी प्रॉक्सीविषयी काहीच सिद्ध होत नाही. याच्या उलट टोकाची चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली सगळे आयसीएमपी बंद करणे. वाटेत १५०० बाइटांहून लहान एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) टप्पा असेल, उदाहरणार्थ ब्रॉडबँडसाठी वापरल्या जाणाऱ्या पीपीपीओईवर १४९२ चा, तर ‘पॅकेट मोठे आहे, तुकडे करा’ हा निरोप प्रकार ३, कोड ४ च्या आयसीएमपीनेच परत येतो आणि बाहेरच्या बाजूला पाठवणारा प्रॉक्सी असल्यामुळे तो प्रॉक्सीलाच मिळावा लागतो. तो अडवला की लॉगइन होते, लहान पाने उघडतात आणि मोठी फाइल चढवताना सगळे अडकते. प्रॉक्सीवरून तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटांचा (शीर्षकांसह १५००) पिंग पाठवून पाहावा. लहान पिंग जात असेल आणि हा जात नसेल, तर हा निरोप येऊ द्यावा किंवा एमएसएस (एका टीसीपी पॅकेटातील मजकुराची कमाल मर्यादा) कमी करावा.

सगळे टाइमआउट वाढवून मोकळे होणे

हा उपाय पहिल्या दिवशी फार गोड वाटतो. पण मेलेली कनेक्शनही तक्त्यात पडून राहतात, तक्ता भरतो आणि मग नवी कनेक्शन नाकारली जाऊ लागतात, म्हणजे दुखणे बरे न होता जागा बदलते. टाइमआउट क्लायंटपासून आत जाताना कमी होत जावेत, जेणेकरून मागचा थर आधी हार मानेल आणि पुढच्या थराला नीट त्रुटी सांगता येईल. निष्क्रिय कनेक्शनांच्या बाबतीत मात्र पूलने फायरवॉलच्या आधी ती सोडून द्यावीत. गर्दीच्या वेळीच कनेक्शन नाकारली जात असतील, तर प्रॉक्सीचे पोर्टही मोजावेत. लिनक्स बाहेर जाण्यासाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ हे २८,२३२ पोर्ट वापरतो आणि प्रॉक्सीने स्वतः बंद केलेले कनेक्शन ६० सेकंद पोर्ट अडवून ठेवत असल्यामुळे, एका पत्त्यावरून एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नव्या कनेक्शनांपलीकडे निभाव लागत नाही.

एकाच बाजूचे कॅप्चर घेणे

कॅप्चर प्रॉक्सीच्या दोन्ही इंटरफेसवर एकाच वेळी घ्यावे. रिसेट (कनेक्शन तोडणारे पॅकेट) आले तर त्यावरचा पत्ता पाहून थांबू नये, टीटीएलही (प्रत्येक राउटरपाशी एकाने घटणारा पॅकेटवरचा आकडा) पाहावा. समजा, प्रॉक्सीची इतर सर्व पॅकेटे ६३ टीटीएलने येत आहेत आणि प्रॉक्सीच्याच पत्त्याचे रिसेट मात्र २५४ ने आले, तर वाटेतले दुसरेच कोणीतरी उपकरण त्याच्या नावाने कनेक्शन तोडत आहे असे धरून चालावे. घुसखोरी रोखणारी उपकरणे असे सर्रास करतात. दोन्ही कॅप्चर आणि लॉग जुळवताना घड्याळांकडेही लक्ष द्यावे. आमच्याकडे प्रॉक्सीचे लॉग यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) होते, अ‍ॅप्लिकेशनचे भारतीय वेळेत होते, आणि दुपारी १४:०७ ला गोठलेल्या पडद्याची नोंद आम्ही तीन दिवस १४:०७ च्याच ओळींमध्ये शोधत होतो. ती ०८:३७ वर होती.